बाकी ठीक

४ फेब्रुवारी

ताई,

तुझा पत्ता आईकडून काढून घेतला. तिने आधी 'मी नाही देणार, तिने बजावलंय मला' म्हणून आढेवेढे घेतले आणि मग वहीचं ते पान माझ्यासमोर उघडं टाकून चहा ठेवायला आत गेली. तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान हातात तरी पडतं.

बातमी अशी की कालपासून मी सर्जरी वॉर्डाची इनचार्ज झाले. हो, तुझ्याच वॉर्डाची. तीस खाटा, चौदा सिस्टर, दोन मावशी, एक मामा आणि तुझी ती खुर्ची, जिचा डावा हात अजून हलतो. मेट्रनबाईंनी कपाटाच्या किल्ल्या हातात ठेवल्या, तर त्यांना तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून तशाच बांधलेल्या: 'औषधं', 'चादरी', 'नको त्या वस्तू'. हा तिसरा कप्पा आधी उघडला, हे तुला सांगायला नकोच. तीन फुटके थर्मामीटर, एका काडीचा चष्मा, तू ड्यूटीवर जप्त केलेला माझा कंगवा आणि एक स्टीलचा डबा. डब्याचं झाकण काही केल्या निघेना. मामांनी जोर लावून पाहिला, मग 'असू द्या, त्याला त्याची जागा आवडलेली दिसते' म्हणून परत आत ठेवून दिला.

तू गेलीस त्याला सात वर्षं झाली. जे झालं त्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं. नऊ नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांच्या लघवीची नळी दुमडली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, दहा दिवस त्यांना आयसीयूत काढावे लागले. मग चौकशी झाली आणि तुझ्या फायलीत 'निष्काळजी' हा शब्द चिकटला. मास्तर बरे होऊन आपल्या पायांनी घरी गेले. तू मात्र राजीनामा देऊन इतक्या लांबच्या त्या चिमूटभर दवाखान्यात जाऊन बसलीस, आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

चांगली इनचार्ज कशी असते ते मी ताईकडे बघून शिकले, असं इथे सगळ्यांना सांगत सुटले आहे. दोन ओळी लिही ना. शिव्या घातल्यास तरी चालतील.

इकडे बाकी सगळं ठीक.

तुझी,
बडबडी

२३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी मोजत नाही. (एकोणीस दिवस.)

वॉर्डाचं सांगते. दुपारी दोनला सकाळची पाळी दुपारच्या पाळीला एकेक खाट समजावून सांगते, तो ओव्हर तुझ्या वेळी कसा चालायचा ते मला आठवतं. आता तो असा चालतो: एक नंबर, ताप नाही, टाके कोरडे. दोन नंबर, उद्या ऑपरेशन, उपाशी ठेवायचं. तीन, चार, पाच, मग सांगणारीचं लक्ष घड्याळाकडे जातं आणि उरलेल्या खाटा एका घासात जातात: 'बाकी ठीक.' पंचवीस माणसं 'बाकी'! मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लाल खडूने लिहिलं, ओव्हरमध्ये 'बाकी ठीक' म्हणायला बंदी. म्हणेल तिने चादरींचं कपाट लावायचं.

दुसऱ्या दिवशी कुणीही 'बाकी ठीक' म्हणालं नाही. 'बाकी नॉर्मल' म्हणाल्या. तेही बंद केलं, तर 'बाकी नेहमीचंच'. आणि आपली ती आंबट चेहऱ्याची सिनियर, तुझ्या वेळची, तिने तर माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, 'उरलेली मंडळी मजेत आहेत.' मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

मी मग आणखी कडक झाले. वहीत कुणाच्या किती चुका ते लिहायला लागले. सह्या तपासल्या, टोप्या तपासल्या, नखं तपासली. परवा मामांकडून कळलं की मला वॉर्डात 'फौजदार' म्हणतात. मी जिन्यावर दिसले की मामा मोठ्याने खोकतात, म्हणजे आतल्यांनी सावध व्हावं. मला वाटत होतं त्यांना दमा आहे. मी त्यांना तपासून घ्यायला पाठवलं होतं!

एक नवीन पोरगी आली आहे, अगदी कोवळी. तिला सगळे चिमणी म्हणतात, कारण तिचा आवाज. बीपी सांगते ते आधी पेशंट ऐकतो आणि मग तोच मोठ्याने आम्हाला सांगतो. हात मात्र तिचा फार हलका आहे, शीर एका झटक्यात सापडते. पण मी समोर आले की तिची पाचावर धारण बसते. काल माझ्यापुढे तिने ओव्हर दिला, तर तीसच्या तीस खाटा 'ठीक' होत्या.

चादरींचं कपाट मात्र इतकं टापटीप आजवर कधी नव्हतं.

बडबडी

१५ मार्च

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

मागच्या आठवड्यात थोरल्या मावशी फरशी पुसता पुसता माझ्या खुर्चीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "सिस्टर, रागवणार नसाल तर एक बोलू?"

"बोला की."

"तुमच्या ताई ओव्हरच्या आधी काय करायच्या, आठवतंय का?"

"काय करायच्या?"

"आधी स्वतःचं चुकलेलं सांगायच्या. आज सहा नंबरची पट्टी माझ्याकडून उशिरा बदलली गेली, असं. मग बाकीच्यांची तोंडं आपोआप उघडायची. तुम्ही आल्या आल्या दुसऱ्यांचं चुकलेलं मोजायला बसता. कोण सांगेल तुम्हाला?" आणि बादली उचलून चालू पडल्या.

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी सहा वर्षं रोज त्या ओव्हरला उभी होते, ताई, आणि मला ते आठवलं नाही. का ते सांगते. तू बोलायचीस तेव्हा मी घड्याळाकडे बघत असायचे.

दुसऱ्या दिवशी फळा पुसला आणि दोन वाजता सगळ्यांसमोर म्हणाले, "आज मी बारा नंबरच्या आजोबांना दोनदा 'आलेच हं' म्हणाले आणि गेलेच नाही. ते अजून वाट बघताहेत." सगळ्या लगबगीने खाटांकडे वळल्या. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की औषधांच्या कपाटाला कुलूप न लावताच मी जेवायला गेले. चौथ्या दिवशी आंबट सिनियरने घसा खाकरला. म्हणाली, "वीस नंबरची पट्टी मी काल बदलली नाही. बदलली असं लिहिलं मात्र आहे." मग आम्ही दोघींनी जाऊन ती बदलली. आत पू व्हायला लागला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर टाके उसवावे लागले असते.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी बोलायला लागलं. चिमणी सोडून. आणि मी शहाणी ठरायला लागले. लहान लहान चुका सांगून मोठी पोटात दडवून ठेवता येते, ही युक्ती मला छान जमली होती. काल मात्र ती माझ्याने रेटवेना.

काल दोन वाजता मी त्यांना नऊ नंबर सांगितला.

तो ओव्हर मी दिला होता, ताई. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, ऐकणाऱ्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मास्तरांची लघवीची पिशवी मला सकाळी रिकामी दिसली होती. बघू म्हणून वळले, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, आणि विसरले. दोनला आठ नंबरपर्यंत नीट सांगितलं. मैत्रीण खाली गाडी घेऊन थांबली होती. मी म्हणाले, 'बाकी ठीक.' मास्तर त्या 'बाकी'त होते.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, 'कुणाच्या लक्षात आलं नाही.' आलं होतं. माझ्या आलं होतं. आणि त्याच पत्राच्या शेवटी मी तुला काय लिहिलं? 'बाकी सगळं ठीक.'

चौकशीत त्यांनी विचारलं, ओव्हर कुणी दिला? तू म्हणालीस, 'वॉर्ड माझा, जबाबदारी माझी.' आणि जन्मभर बडबड करणारी मी मूग गिळून बसले. तरी तुझा राग नळीचा नाही, चौकशीतल्या गप्प बसण्याचाही नाही, हे मला कळतं. बाहेर आल्यावर तू जिन्यात थांबलीस. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबलीस. आणि मी म्हणाले, 'ताई, तुझा डबा राहिला आत.'

सात वर्षं मला ते वाक्य ऐकू येतं. लाज वाटते गं. फार लाज वाटते.

काल हे सगळं सांगून झाल्यावर आंबट सिनियर म्हणाली, "मला वाटायचंच." चिमणीने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी

२ एप्रिल

ताई,

आज घाईत लिहिते आहे, पण आनंदात.

दुपारी दोनचा ओव्हर. मी माझं चुकलेलं सांगितलं (एका नातेवाइकावर ओरडले होते). पुढे कुणी बोलायच्या आत चिमणी बोलली. इतक्या मोठ्याने, की आम्हाला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "अकरा नंबरच्या आजोबांना इन्शुलिन दोनदा गेलं. दुसऱ्यांदा मी दिलं. शुगरचा तक्ता बघून मला आत्ता, या क्षणी कळलं."

ताई, एकही जण 'अगं बाई' म्हणाली नाही. कुणी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही, सगळ्या अकरा नंबरकडे धावल्या. आजोबा घामाने निथळत होते, हाक मारली तर ओ देत नव्हते. आम्हाला वाटलं असतं जेवून झोपले. शुगर शेहेचाळीस. सिनियरने शीर धरली, चिमणीने सुई लावली, तिचाच हात तो, पहिल्या झटक्यात आत. ग्लुकोज सुरू केलं, डॉक्टर पळत आले. पंधरा मिनिटांनी आजोबांनी डोळे उघडले, वरच्या बाटलीकडे बघितलं आणि विचारलं, "यात काय आहे?"

"साखर आहे, आजोबा."

"कमाल आहे. वीस वर्षं चहात चमचाभर घालू दिली नाही आणि आज बाटलीने देताय!"

सगळा वॉर्ड हसला. चिमणी तेवढी रडत होती. मी तिला खुर्चीत बसवलं, तुझ्या खुर्चीत. खुर्चीचा हात हलला आणि ती दचकली. मग तीही हसली.

अर्धा तास ती गप्प बसली असती तर आजोबा गेले असते. पूर्वीच्या माझ्या वॉर्डात ती गप्पच बसली असती.

आता पुढचं. मोठे सर्जन खवळलेत. सोमवारी मीटिंग आहे. 'नाव द्या, काढून टाकू, विषय संपवा,' असा निरोप आला आहे. त्याच टेबलाशी, ताई. त्याच खोलीत.

या वेळी मी बोलणार आहे. माझी खुर्ची गेली तर गेली.

बडबडी

१० एप्रिल

ताई, ताई, ताई,

जिंकलो आम्ही! नीट सांगते, पहिल्यापासून.

मी चिमणीला घेऊनच आत गेले. मोठे सर म्हणाले, "हिला कशाला आणलंत? तुम्ही फक्त नाव द्या."

मी म्हणाले, "नाव देणारच आहे, सर. आधी वेळ देते." आणि दोन कागद टेबलावर ठेवले. एक शुगरचा तक्ता, एक औषधांचा. सव्वाबाराला एका सिस्टरने इन्शुलिन दिलं आणि शुगरच्या तक्त्यावर खूण केली. बारा चाळीसला चिमणीने औषधांचा तक्ता बघितला, तो कोरा, म्हणून तिने दिलं. दोघींनी आपापला कागद बरोबरच वाचला होता. "एकाच इंजेक्शनची नोंद दोन कागदांवर, दोन खिळ्यांना टांगून ठेवायची, असं कुणी ठरवलं असेल?"

"कुणी ठरवलं?" सरांनी दरडावून विचारलं.

"खाली सही तुमची आहे, सर."

मेट्रनबाईंना एकदम खोकला आला. मामांसारखाच.

तेवढ्यात चिमणी पुढे झाली. "इन्शुलिन मी दिलं," ती म्हणाली. "आणि सांगितलंही मीच." खोलीच्या त्या टोकाच्या माणसालाही ऐकू गेलं.

तुझ्याकडून एक शिकले, ताई, की संकट आलं की इनचार्जने पुढे व्हायचं. पण एक बोलू? तू पुढे झालीस आणि मी तुझ्या मागे लपले. सगळ्यांना वाटलं तुझंच लक्ष नव्हतं. नळी का दुमडली, ओव्हरमध्ये काय राहिलं, हे वॉर्डाला कळलंच नाही, आणि 'बाकी ठीक' पुढे सात वर्षं सुखाने चालू राहिलं. म्हणून मी चिमणीला मागे घातलं नाही. शेजारी उभी केली. पोरीची मान ताठ होती गं, बघायला हवी होतीस.

सरांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. मग म्हणाले, "तक्ता एकच करा. सिस्टर कामावर राहतील." मेट्रनबाई उठायला लागल्या.

"बसा ना बाई," मी म्हणाले. "माझं अजून आहे." आणि लिहून नेलेला कागद पुढे केला. सात वर्षांपूर्वीचा नऊ नंबर, माझा ओव्हर, माझे ते दोन शब्द, खाली माझी सही.

"ती फाईल बंद झाली," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मग उघडा. माझ्या फायलीत काय लिहायचं ते लिहा. पण माझ्या बहिणीच्या फायलीतला तो शब्द खोडा."

तो शब्द त्यांनीच लिहिलेला, त्यांच्याच पेनाने. त्यांनी चष्मा काढला. "मी तेव्हा विचारलं होतं, ओव्हर कुणी दिला. मला उत्तर मिळालं नाही."

"आज मिळालं, बाई."

काल मेट्रनबाई स्वतः वॉर्डात आल्या. माझ्या फायलीत ताकीद लागली आहे, चांगली पानभर. ती मी दोनदा वाचली आणि खरं सांगते, इतकं हलकं मला सात वर्षांत वाटलं नव्हतं. तुझ्या फायलीतला शब्द खोडायचं ठरलं आहे. तसं पत्र तुला रीतसर येईल. मी राजीनामा खिशात घेऊनच उभी होते. बाई म्हणाल्या, "खुर्ची सोडू नका. तिचा हात तेवढा दुरुस्त करून घ्या."

आणि ऐक! येत्या एक तारखेपासून सगळ्या वॉर्डांत ओव्हर असाच सुरू होणार, आधी इनचार्जचं चुकलेलं. आज सकाळी तर राउंडला मोठे सर दहा नंबरच्या खाटेपाशी थांबले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "या टाक्यांबद्दल मागच्या आठवड्यात सिस्टर बरोबर होत्या." आंबट सिनियरच्या हातातला ट्रे खाली पडला.

हे सगळं मी कुणाला सांगू? आई ऐकते, पण तिला ओव्हर म्हणजे काय ते कळत नाही. तुलाच सांगायचं होतं. तू बोल ना माझ्याशी.

तुझी,
बडबडी

२१ एप्रिल

बडबडे,

आधी माझं चुकलेलं सांगते.

एक. 'धाकटीची पत्रं मी फोडत नाही,' असं मी आईला फोनवर सांगते. पाचही फोडली. तिसरं इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. चिकटपट्टी लावली आहे.

दोन. हे तुला माहीत नाही. त्या दिवशी अकरा वाजता मी राउंड घेतला नव्हता. ऑफिसात महिन्याचे तक्ते भरत बसले होते आणि तिथूनच 'सर्व खाटा पाहिल्या' असं लिहून सही केली. पाहिल्या असत्या तर रिकामी पिशवी मला दिसली असती. 'वॉर्ड माझा, जबाबदारी माझी' असं म्हटलं आणि सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. मग ती सही कुणी तपासली नाही. तुला वाटलं मी तुला पाठीशी घातलं. मी स्वतःलाही घातलं. मोठेपणाच्या आड केवढं लपतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि तुझं तोंड बघितलं की तेच आठवायचं. म्हणून बोलत नव्हते. राग तुझ्यावर होता तो पहिल्या वर्षातच संपला होता.

मेट्रनबाईंना वेगळं पत्र लिहिलं आहे. म्हटलं, शब्द पुरता खोडू नका, निम्मा माझा आहे, तेवढा राहू द्या.

तीन. जिन्यात मी थांबले ती तू बोलशील म्हणून. मलाही तोंड होतं.

चिमणीला सांग, शाब्बास. तिला शेजारी उभी केलीस ते मला कधी सुचलं नसतं. माझ्यापेक्षा तू चांगली इनचार्ज आहेस. हे पत्र दारावर चिकटवू नकोस, तुझा काही नेम नाही.

रविवारी रजा घेतली आहे. दोनच्या ओव्हरला येते. मागे भिंतीला टेकून उभी राहीन, मध्ये बोलणार नाही. खुर्चीचा हात दुरुस्त करू नकोस, तो असाच हलतो म्हणून माणूस तिच्यात फार वेळ बसून राहत नाही. आणि तो 'नको त्या वस्तू'तला डबा माझाच आहे. जोर लावून उघडत नाही, झाकण डावीकडे फिरवायचं असतं. तू उघडू नकोस, आपण मिळून उघडू. नाक धरावं लागेल.

बाकी ठीक नाही. बाकी पुष्कळ आहे. ते जिन्यात थांबून सांगते.

ताई